समुद्रातला केवडा
लेखमाला : सूक्ष्मांचा संसार (लेखांक 9)

घोडेगावच्या शिवारात पाटपाण्यावरचा खोडवा एखाद्या वर्षी केवड्याने पिवळा पडतो. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या, मधली पट्टी पिवळी. फारच झालं तर अख्खं पान पांढरंफटक. पिकाला लोह कमी पडल्याची ही खूण. पण त्याच रानातली माती तपासली तर लोह भरपूर निघतं, कारण ही काळी जमीन ज्या खडकापासून झाली त्यातच ते आहे. अडचण चुनखडीची आहे. सामू आठच्या वर गेला की लोह गंजाच्या रूपात बसून राहतं, पाण्यात उतरत नाही. मुळांना तर विरघळलेलंच हवं.

समुद्राच्या पाण्याचा सामूही आठच्याच आसपास. म्हणजे आपल्या चुनखडीच्या रानाचं दुखणं अख्ख्या महासागराला आहे, आणि किती तरी जास्त. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, तशी समुद्रात विरघळलेल्या लोहाची गंज होऊन ती तळाशी बसत गेली. (गोव्यात डिचोलीच्या डोंगरांतून निघणारं खनिजही मुळात एका प्राचीन समुद्राच्या तळावर साचलेलं लोहच.) आज किनाऱ्यापासून दूर, वरच्या थरातलं हजार लिटर पाणी घेतलं तर त्यात बहुधा एका मिलिग्रॅमचा विसावा भागही विरघळलेलं लोह सापडत नाही. श्वसनासाठी लोह लागतंच, मग तिथले जिवाणू जगतात कसे?

ते लोहाची वाट पाहत बसत नाहीत. स्वतःच्या पेशीत एक छोटा रेणू घडवतात आणि बाहेर पाण्यात सोडून देतात. त्याचं नाव सिडेरोफोर. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ लोहवाहक. हा रेणू लोहाच्या अणूला बहुधा सहा ठिकाणी धरतो. लोहासह तो परतला की पेशीच्या बाह्य आवरणातलं त्याच्याच मापाचं प्रथिन त्याला ओळखून आत घेतं. 1993 साली एका सागरी जिवाणूत अल्टरोबॅक्टिन नावाचं सिडेरोफोर सापडलं. त्याची लोहावरची पकड विलक्षण घट्ट निघाली.

पण समुद्रात सोडलेली वस्तू परत हाती लागेल याची खात्री काय? मला या विषयात सगळ्यात गुंतवून ठेवतो तो हाच प्रश्न. मातीच्या कणांत रेणू अडकून राहील, लाटेत तो वाहूनच जायचा. 2000 साली रसायनशास्त्रज्ञ ॲलिसन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरिनोबॅक्टिन हे सिडेरोफोर उजेडात आणलं. त्याच्या डोक्याशी लोह धरणारा भाग आणि मागे स्निग्धाम्लाची शेपटी. पेशीचं आवरणही स्निग्धच असल्याने ही शेपटी त्याला चिकटून राहू शकते. शिवाय लोह मिळाल्यावर हे रेणू एकत्र येऊन बारीक पोकळ गोळ्या बनतात. अशाच काही रेणूंवर ऊन पडलं की त्यांचा एक भाग तुटतो आणि लोह जास्त विरघळणाऱ्या रूपात येतं. जिवाणूने स्वतःसाठी धरलेलं लोह असं शेजारच्या शैवालालाही मिळू शकतं. समुद्रातलं 99 टक्क्यांहून जास्त विरघळलेलं लोह कुठल्या ना कुठल्या सेंद्रिय रेणूच्या पकडीत असतं, हे लक्षात घेतलं की या देवघेवीचा पसारा कळतो.

केवड्यावर आपण हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मिसळून, चार-पाच दिवस मुरवून देतो. नुसतं टाकलं तर त्याचीही गंजच होते. खतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. लोह दिल्याने शैवाल वाढून जास्त कार्बन समुद्रतळाकडे जातो का, हे पाहण्यासाठी हेच हिराकस 2009 साली दक्षिण महासागरात ओतलं गेलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वजीह नक्वी आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक या प्रयोगाचे प्रमुख होते, जहाज होतं ‘पोलारस्टर्न’ आणि प्रयोगाचं नाव ‘लोहाफेक्स’. त्यातला ‘लोहा’ आपलाच. 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात दोनदा, दर वेळी 2 टन लोह मिळेल इतकं हिराकस सोडून 39 दिवस निरीक्षण झालं. शैवाल वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका उरलेली नसल्याने काचेसारखं कवच असणारे डायटम वाढले नाहीत. जे बारीक शैवाल आलं ते प्राणिप्लवकांनी खाल्लं, आणि तळाकडे जाणारा कार्बन फारसा वाढला नाही.

काही व्हिब्रिओ जिवाणू स्वतः सिडेरोफोर बनवत नाहीत. दुसऱ्यांनी बनवलेले आत घेण्याचं प्रथिन मात्र बाळगून असतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे वळू.