मध्यंतरानंतरचे हैदराबाद

सन २०१६ या एकाच वर्षात, चार महिन्यांच्या अंतराने दोन मराठी चित्रपट पडद्यावर आले आणि त्या दोहोंनी आपल्या हैदराबादेतील मराठी घरांत जेवढा वाद माजविला, तेवढा एखाद्या निवडणुकीनेही माजविला नसेल. १ जानेवारीला ‘नटसम्राट’ प्रदर्शित झाला आणि २९ एप्रिलला ‘सैराट’. पुढे वर्षे लोटली. परंतु काचीगुडा म्हणा, बरकतपुरा म्हणा, सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन चार मराठी माणसे बसली असता कोणी ‘सैराट’चे नाव काढावे, की बैठकीत दोन तट पडलेच म्हणून समजावे. आम्ही या वादात अनेकदा सापडलो आहोत आणि गप्प बसण्याचा आमचा स्वभाव नसल्याने एका तटावर उभेही राहिलो आहोत. वाचकांपुढे तो वाद मांडावासा वाटतो, तो एवढ्याचसाठी की, चित्रपटाच्या गुणदोषांवर चाललेले हे भांडण पुष्कळदा निराळ्याच गोष्टीवरून पेटलेले असते, असे आमच्या ध्यानात आले आहे.

‘नटसम्राट’ ही कथा आपल्या पिढीला नवी नव्हती. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभा केला. चित्रपटात महेश मांजरेकरांच्या दिग्दर्शनाखाली नाना पाटेकरांनी तो केला. जवळचे सारे मुलांना देऊन टाकणारा आणि मग त्याच मुलांच्या घरातून बाहेर पडावे लागणारा हा म्हातारा नट पाहून साठी ओलांडलेल्या प्रेक्षकांचे रुमाल भिजले. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी सारे कुटुंब तो चित्रपट पाहून परतले, ते दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. कारण वडिलांनी जेवताना सहज म्हणावे तसे म्हटले, ‘‘शेवटी सगळ्यांचे असेच व्हायचे.’’ सून ताटावरून उठून गेली. महाविद्यालयात शिकणारा नातू तेवढा धीट निघाला. तो म्हणाला, ‘‘पण आजोबा, त्या मुलाचे आणि सुनेचे म्हणणे कोणी विचारलेच नाही.’’

आणि चारच महिन्यांनी ‘सैराट’ आला. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात करमाळ्याच्या परिसरातील पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परश्या एकमेकांच्या प्रेमात पडतात, घर सोडून पळतात, संसार थाटतात आणि अखेरीस मुलीच्या माहेरच्यांकडून दोघेही मारले जातात. ‘नटसम्राट’ ही वडीलधाऱ्यांनी तरुणांविरुद्ध मांडलेली फिर्याद होती. ‘सैराट’ ही तरुणांची वडीलधाऱ्यांविरुद्धची. दोन्ही फिर्यादी एकाच वर्षात, एकाच घरात दाखल झाल्या. तेव्हा ‘‘तुम्हाला कोणता चित्रपट अधिक आवडला?’’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटला, तरी त्याचे उत्तर देणारा मनुष्य आपण कोणाच्या बाजूने साक्ष देणार हेच सांगून बसत होता. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’चेही असेच झाले होते. जाणकार म्हणविणाऱ्यांनी त्या चित्रपटाला रडका, बटबटीत म्हणून हिणविले आणि घरोघरच्या बायकांनी तो डोक्यावर घेतला. ज्यांनी सासर सोसले नव्हते त्यांना तो अतिरंजित वाटला, यात नवल ते काय?

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत या भांडणाला आणखी एक धार असते. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला एक मराठी चित्रपट आवडला नाही, तर पुढच्या शुक्रवारी दुसरा असतो. आपली गोष्ट तशी नाही. दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतील चित्रपट दाखवीत त्या काळात, मराठीची पाळी केव्हा येते याची वाट पाहत आम्ही बसत असू आणि तो दिवस उजाडला की शेजारच्या तेलुगू कुटुंबालाही आग्रहाने बोलावीत असू. अशा वेळी चित्रपट सामान्य निघाला, तरी तो चांगलाच आहे असे शेजाऱ्यांना सांगणे प्राप्त असे. ती सवय अंगात मुरली आहे. मराठी चित्रपटाला नावे ठेवणारा तो जणू मराठीलाच नावे ठेवतो, असे आपल्याकडे कित्येकांना प्रामाणिकपणे वाटते. आम्हाला हे मत मान्य नाही. के. विश्वनाथांच्या ‘शंकराभरणम्’वर, १९८० साली तो आल्यापासून, आपल्या मराठी घरांनी जिवापाड प्रेम केले, त्यातले संगीत कर्नाटकी आहे म्हणून कोणी अडून बसले नाही. परक्या भाषेतल्या चांगल्याला चांगले म्हणता येते, तर आपल्या भाषेतल्या वाइटाला वाईट म्हणण्यास काय हरकत आहे?

‘सैराट’वर पहिला आक्षेप आला तो भाषेचा. ‘‘ही कसली मराठी? मुलांच्या कानांवर अशी भाषा पडली तर ती काय शिकतील?’’ असे एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हाला विचारले. आम्ही पडलो मराठीचे पदवीधर आणि त्यातून शाळामास्तर, तेव्हा आमच्याकडून दुजोरा मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु तो देणे आम्हाला शक्य नव्हते. आपण हैदराबादचे मराठी लोक! ‘काय करायलास?’, ‘कुठे जायलास?’ असे आपण बोलतो. वाक्यात दखनीचे ‘नक्को’ आणि तेलुगूचे ‘अक्का’ सुखाने नांदतात. पुण्याला लग्नकार्यासाठी गेलो असता आपले बोलणे ऐकून तेथील मंडळी तोंडाला पदर लावतात, हे आपण सर्वांनीच अनुभवले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे आणि आपण एकाच संस्थानात, मग एकाच राज्यात होतो. तिकडची बोली हीच आपल्यापैकी कित्येकांची मायबोली. त्या आपणच करमाळ्याच्या बोलीला नाक मुरडावे, हे काही शोभत नाही.

भाषेचा मुद्दा तेथेच संपला. खरा वाद पुढचा आहे.

सर्वसाधारण मत असे की, ‘सैराट’ मध्यंतरापर्यंत उत्तम आणि मध्यंतरानंतर कंटाळवाणा. या मताचे लोक आम्हाला महाराष्ट्रात भेटले आणि येथेही भेटले. अजय–अतुल यांची चारही गाणी पूर्वार्धात आहेत. विहीर, ऊसमळा, ट्रॅक्टर चालविणारी आणि बुलेटवरून फिरणारी आर्ची, परश्याचे दोन जीवलग मित्र, हे सारे तेथेच. गाणी संपली की ती दोघे गाडीत बसतात आणि आपल्या या हैदराबादेत येऊन उतरतात. त्यानंतर पडद्यावर काय दिसते? स्थानकाबाहेर अंग चोरून काढलेली रात्र, मदतीच्या मिषाने घात करू पाहणारी माणसे, त्यांच्या तावडीतून सोडविणारी सुमनअक्का (छाया कदम यांनी ही भूमिका फार समजुतीने केली आहे), झोपडपट्टीतली एक खोली, सामाईक शौचालयाची घाण पाहून ओकारी येणारी पाटलाची लेक, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी. आर्ची हळूहळू तेलुगू शिकते. परश्या तिच्यावर संशय घेतो, हात उगारतो, ती निघून जाते, परत येते. प्रेमाची गाणी म्हणणाऱ्या दोघांना मिठाचा, भाड्याचा, पाण्याच्या घागरीचा हिशेब करावा लागतो.

हा भाग कंटाळवाणा? आमच्या मते चित्रपट म्हणून जे काही थोर आहे ते येथेच आहे. पूर्वार्धासारखे पूर्वार्ध अनेकांनी केले आहेत. गाणी इतकी सरस नसतील, एवढाच फरक. परंतु पळून गेलेल्या दोघांचे दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते, हे आपल्या चित्रपटांनी क्वचितच इतक्या धीराने दाखविले असेल. पुण्याच्या प्रेक्षकाला तेथे कानावर पडणारी तेलुगू आर्चीइतकीच अनोळखी. त्याचा जीव गुदमरला, हे समजू शकते. आपल्याला मात्र त्या गल्ल्या परक्या नाहीत. परमुलखातून हातात पिशवी घेऊन या शहरात उतरलेला, भाषा न कळणारा आणि कोणा एका अक्काने आसरा दिलेला माणूस आपल्यातील प्रत्येकाच्या घराण्यात एक-दोन पिढ्यांमागे कोठे ना कोठे आहे. हैदराबादच्या मराठी माणसाने उत्तरार्ध नापसंत करावा, याचे आम्हाला म्हणूनच विशेष वाटते. जुलै २०१८ मध्ये ‘धडक’ नावाने याची हिंदी आवृत्ती निघाली, तीत प्रेमिक उदयपूरहून कोलकात्याला जातात. दोन्ही शहरे रंगीत चित्रांच्या पुस्तकासारखी दिसतात, जातीचा काटा बोथट होतो आणि शेवटही बदलतो. ज्यांना मूळ चित्रपटाचा उत्तरार्ध नकोसा वाटला, त्यांनी तो नसल्यावर काय उरते हे तेथे पाहून घ्यावे.

शिक्षक म्हणून आमचे लक्ष आणखी एका प्रसंगाकडे गेले, त्याची चर्चा बैठकांत फारशी होत नाही. महाविद्यालयात कविता शिकविणारे लोखंडे सर मुलांना शिस्त लावू पाहतात आणि पाटलांचा चिरंजीव भर वर्गात त्यांच्या थोबाडीत ठेवून देतो. त्याला शिक्षा तर होत नाहीच, उलट घरी त्याचे कौतुक होते. चित्रपटाने मुले बिघडतात असे म्हणणाऱ्या पालकांनी प्रेमाची गाणी मोजली. ही थप्पड मोजली नाही. आम्हाला तर शेवटच्या खुनाची सुरुवात याच थप्पडीपासून झालेली दिसते. ज्या घरात मुलाने गुरुजींवर हात टाकला तर पाठ थोपटली जाते, त्या घरातला मुलगा बहिणीच्या दारात काय घेऊन जाईल, हे दिग्दर्शकाने तेव्हाच सांगून ठेवले आहे.

त्या शेवटाविषयीही मतभेद आहेत. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो आणि थोड्या वेळाने शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परतते तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. मूल रडत बाहेर पडते. त्याच्या पावलांचे ठसे उमटत जातात. पार्श्वसंगीत नाही, आवाज नाही. कित्येकांना हा शेवट क्रूर वाटला, काहींना तो प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी मुद्दाम जोडलेला वाटला. ‘‘इतके कोठे घडते? आपल्या भागात तर नाहीच,’’ असे आमच्या समोर छातीठोकपणे सांगण्यात आले. १४ सप्टेंबर २०१८ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील मिर्यालगुडा येथे, गरोदर पत्नीला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या एका दलित तरुणाचा भर दिवसा खून झाला. सासऱ्याने पैसे देऊन तो घडवून आणला, असे पोलिसांच्या तपासात निघाले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने एकाला फाशीची व सहा जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. सासरा त्याआधीच, २०२० साली, मरण पावला होता. मिर्यालगुडा आपल्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर आहे. ‘‘आपल्या भागात नाहीच’’ म्हणणाऱ्या गृहस्थांपुढे आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही. काढण्याजोगा तो नव्हता.

आता ज्या कुटुंबामुळे आम्हाला हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याविषयी थोडेसे. नाव सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ आमच्याहून वडील, वाचनाचे शौकीन, आणि ‘सैराट’चे कट्टर द्वेष्टे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने कचेरीतल्या तेलुगू सहकाऱ्याशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. मुलगी याच शहरात, सिटी बसच्या टप्प्यात राहत होती आणि सहा वर्षे बापलेकीची गाठ नव्हती. एका गणेशोत्सवात त्यांच्या घरी आरतीनंतर आम्ही बसलो असता विषय निघालाच. ते उसळून म्हणाले, ‘‘हा मंजुळे साऱ्या आईबापांना खुनी ठरवतो. आम्ही कोणाचा खून केला? आम्ही फक्त गप्प बसलो.’’ यावर आम्ही काही उत्तर देणार, तोच वहिनी चहाचे कप घेऊन आल्या. इतक्या वर्षांत या विषयावर त्यांचा शब्द आम्ही ऐकला नव्हता. कप खाली ठेवीत त्या म्हणाल्या, ‘‘आर्ची आईला फोन करते ना, लेकराला बोलायला लावते, तेवढा भाग मी तीनदा पाहिला भावजी. बाकीचे काही मला कळत नाही.’’

चहा निवेपर्यंत कोणी बोलले नाही. तो फोन चित्रपटात शेवटच्या जरा आधी येतो.

पुढे काही नाट्यमय घडले असे नाही. मुलगी आता महिन्यातून एका रविवारी मुलाला घेऊन आईकडे येते. वडील त्या दिवशी दहाच्या सुमारास वाचनालयात जातात, ते ती परत गेल्यावर येतात. गेल्या खेपेस ते तासभर आधी परतले आणि नातू अजून घरात होता, एवढे आमच्या कानावर आहे. ‘सैराट’ मात्र त्यांच्या मते अजूनही भिकार चित्रपट आहे. गाणी तेवढी बरी आहेत, असे ते अलीकडे म्हणू लागले आहेत, आणि उत्तरार्धाविषयी आमचे त्यांच्याशी भांडण चालूच आहे.