प्लास्टरांतला पाय आणि मोटारीचा ब्रेक



प्लास्टर ऑफ पॅरिस ही वस्तु पेणच्या रहिवाशांस नव्यानें सांगावयास नको. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत शाडूच्या मातीबरोबर हें प्लास्टरहि वर्षानुवर्षें सांच्यांत ओतलें गेलें आहे. जिप्सम नांवाचें खनिज तापवून त्यांतील बरेंचसें पाणी उडवून दिलें म्हणजे ही भुकटी तयार होते. तिला पुन्हां पाणी मिळालें कीं ती उष्णता बाहेर टाकीत दगडासारखी घट्ट होते. याच गुणाचा उपयोग मोडलेलें हाड स्थिर ठेवण्याकडे कसा करावा, हें मातिसेन नांवाच्या एका डच लष्करी शस्त्रवैद्यानें १८५२ सालीं प्रसिद्ध केलें. आज फायबरग्लासचे पट्टे आणि काढतां-घालतां येणारे चालण्याचे बूट आले आहेत. पण तत्त्व तेंच आहे. सांधा हलूं द्यावयाचा नाहीं.

नेमकी येथेंच मोटार हांकणाराची अडचण सुरू होते. ब्रेक दाबावयाचा म्हणजे उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून शेजारच्या पेडलावर न्यावयाचा आणि घोट्यांतून वांकवून जोर द्यावयाचा. घोटा प्लास्टरांत असला म्हणजे हें सारें काम मांडीच्या मुळापासून करावें लागतें. चालण्याच्या बुटाचा तळ जाड व रुंद असल्यामुळें पेडल पायाखालीं आलें कीं नाहीं हें कळत नाहीं, आणि कधीं एकाच वेळीं दोन पेडलें दाबलीं जातात.

हा उशीर किती महागांत पडतो तें पाहूं. पेणहून रोह्यास जाणारे अनेकजण मुंबई-गोवा महामार्गानें वडखळवरून नागोठण्यास येतात आणि तेथून भिसे खिंडीच्या वाटेनें किंवा पुढें कोलाडवरून वळून रोहें गांठतात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर काटते. ब्रेक लागण्यास पाव सेकंदाचा उशीर झाला, तर ती चार मीटरांहून अधिक पुढें गेलेली असते. वडखळ नाक्यावर मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या आईच्या दृष्टीनें हे चार मीटर म्हणजे सर्वस्व होय.

हा केवळ तर्क नव्हे. २०१० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत धडधाकट माणसांच्या उजव्या पायास प्लास्टर व चालण्याचा बूट घालून ब्रेकची वेळ मोजण्यांत आली; दोन्हीं प्रकारीं ती लांबली. डाव्या पायानें ब्रेक दाबतां यावा म्हणून केलेली योजनाहि त्या परीक्षेंत उतरली नाहीं. तेव्हां "उजवा पाय बाजूस ठेवून डाव्यानें सांभाळून घेईन" असें कोणी म्हणूं नये. गाडी चालविण्यापुरता बूट काढून ठेवणें हीहि पळवाट बरी नव्हे. अचानक जोरानें ब्रेक दाबावा लागला, तर न जुळलेल्या हाडावरच तो भार येतो.

डावा पाय प्लास्टरांत असेल तर? आपल्याकडील बहुतेक मोटारींत तो क्लचसाठीं लागतो, म्हणून तेथेंहि मनाई समजावी. क्लच नसलेल्या स्वयंचलित गिअरच्या मोटारींत डाव्या पायास काम नसतें. अशा मोटारीपुरता डॉक्टरांचा विचार घ्यावा. मोटारसायकलीवर उजवा पाय ब्रेकचा व डावा गिअरचा. स्कूटरचे ब्रेक बहुधा हातांत असले, तरी थांबतांना तोल सांवरण्यास पाय टेकावाच लागतो. शिवाय हाडाच्या दुखण्यावरील कांहीं औषधांनीं गुंगी येते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

कायदाहि येथें गप्प नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८६ व्या कलमाप्रमाणें, आपल्या आजारामुळें वा व्यंगामुळें लोकांस धोका होईल हें ठाऊक असून वाहन हांकणें हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास पहिल्या वेळीं १,००० व पुढें २,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मग पेणच्या माणसानें धाटावच्या कारखान्यांतील नोकरीवर जावें कसें? दिवा-रोहा गाडी पेण व नागोठणें येथें थांबत रोह्यास जाते. मात्र कुबड्या घेऊन स्थानकाचा जिना चढण्यास सोबत हवी. एस.टी.च्या पायऱ्या उंच असतात, म्हणून गर्दीची वेळ टाळावी. सोबत्याच्या मोटारींत बसतांना पुढची बैठक पूर्ण मागें सारावी, पट्टा बांधावा आणि पाय समोरच्या फळीवर टाकूं नये. पाय फार वेळ लोंबता राहिला कीं सुजतो. बोटें निळसर पडलीं, बधिर झालीं, किंवा प्लास्टराच्या आंत वेदना वाढत चालली, तर पुढील प्रवास सोडून तडक डॉक्टरांकडे जावें. पावसाळ्यांत प्लास्टर भिजूं देऊं नये.

प्लास्टर निघालें म्हणजे दुसऱ्याच दिवशीं चाक हातीं घेण्याची घाई होते. परंतु तोंवर स्नायु रोडावलेले व सांधा आंखडलेला असतो. उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेकची वेळ पूर्ववत् होण्यास सुमारें नऊ आठवडे लागतात, असें २००३ च्या एका अभ्यासांत आढळलें. म्हणून प्रथम डॉक्टरांची संमति घ्यावी. मग उभ्या गाडींत, इंजिन बंद ठेवून, ब्रेक एकदम जोरानें दाबून पाहावा. पाय बिचकला किंवा कळ आली, तर किल्ली घरच्यांच्या हातीं परत द्यावी आणि आणखी कांहीं दिवस त्यांच्या शेजारीं बसूनच प्रवास करावा.