जुना संगणक आणि नवा पडदा

दिल्लीच्या दक्षिण भागातील नेहरू प्लेस ही बाजारपेठ संगणकांच्या नव्या-जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून, अथवा नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्राम येथील एखाद्या दुकानातून, शाळेसाठी वा ग्रंथालयासाठी नवा मॉनिटर आणला जातो. तो पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकाला जोडावा, तर पडद्यावर ‘संकेत नाही’ एवढीच सूचना उमटते. संगणक निकामी झाला असा समज होतो व तो भंगारात निघतो. वस्तुतः पुष्कळदा संगणकही धडधाकट असतो आणि मॉनिटरही. त्या दोहोंची भाषा तेवढी जुळत नाही.

दोन प्रकारचे संकेत

इ. स. १९८७ मध्ये आयबीएम कंपनीने व्हीजीए ही पद्धत प्रचारात आणली. तिच्या जोडणीत तीन ओळींत पंधरा पिना असतात. तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन रंगांसाठी एकेक तार असते. तिच्यातील विद्युत्‌दाब शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत बदलतो; दाब जितका अधिक, तितका रंग उजळ. आणखी दोन तारा चित्राची ओळ व संपूर्ण चित्र कोठे संपले हे सांगतात. काचेच्या जाड चित्रनलिकेला ही रचना सोयीची होती. कारण तिच्यातील इलेक्ट्रॉनांचा झोत ह्या दाबाप्रमाणेच कमीअधिक होत असे.

सपाट पडदा ठराविक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि त्याला प्रत्येक ठिपक्यासाठी निश्चित आकडा हवा असतो. म्हणून १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट ह्या अंकीय संकेतांच्या पद्धती पुढे आल्या. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी प्रभृती कंपन्यांनी व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीर केले. परिणामी आज कित्येक मॉनिटरांना ती पंधरा पिनांची खाच नसतेच.

परिवर्तक कोणता घ्यावा?

केवळ खाचेचा आकार बदलून संकेताचा प्रकार बदलत नाही. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए आणि नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर बदलत्या दाबाचे आकड्यांत रूपांतर करणारी चकती असलेला परिवर्तक लागतो. त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते. येथे दिशा महत्त्वाची. बाजारात ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ नेणारे परिवर्तकही दिसतात. ते उलट्या दिशेने चालत नाहीत. ह्या एका चुकीपायी अनेकांचे पैसे वाया जातात.

संगणकाला डीव्हीआयची अंकीय खाच असल्यास काम सोपे होते. तिचे व एचडीएमआयचे संकेत एकाच जातीचे असल्यामुळे साधी केबल पुरते; ध्वनी मात्र तीतून येईलच असे नाही.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम मॉनिटरचा दिवा लागला आहे की नाही, आणि त्याच्या यादीतून योग्य प्रवेशमार्ग निवडला आहे की नाही, हे पाहावे. मग संगणकाची मागील बाजू तपासावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेले असल्यास मुख्य फलकावरील खाच पुष्कळदा बंद राहते. केबल कार्डालाच जोडली पाहिजे.

यानंतर जुना मॉनिटर त्याच खाचेला जोडून पाहावा. त्यावर चित्र आले, तर संगणक व खाच दोन्ही निर्दोष ठरतात आणि संशय केबल, परिवर्तक वा नवा मॉनिटर ह्यांवर येतो. चित्र न आल्यास दोष संगणकाच्या बाजूला शोधावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्यास दोष कोणाचा हे कळत नाही.

कधी प्रारंभीची अक्षरे दिसतात आणि मग पडदा काळा होतो. ह्याचा अर्थ जोडणी ठीक आहे, पण संगणक पडद्याला न पेलणारे चित्र धाडीत आहे. ६४० × ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके, तर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. भार पावणेसात पट होतो. आपली क्षमता सांगणारी १२८ बाइटांची माहिती मॉनिटर संगणकाला पुरवितो. परिवर्तकाने ती पोहोचविली नाही, तर संगणक केवळ अंदाज करतो. अशा वेळी संगणक कमी ठिपक्यांच्या स्थितीत सुरू करून योग्य मान निवडावे.

व्हीजीएवर पांढरा भाग पिवळा दिसत असेल, तर निळ्या रंगाची तार तुटलेली अथवा पिन वाकलेली असावी. तांबडा गेल्यास तो निळसर-हिरवा, हिरवा गेल्यास जांभळट दिसतो. जोडणी बदलताना दोन्ही उपकरणे बंद ठेवावीत. जुन्या चित्रनलिकेचा मॉनिटर मात्र कदापि उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यात घातक दाब शिल्लक राहू शकतो.

काटकसर आणि आरोग्य

दिल्लीच्या सीलमपूर भागात टाकाऊ संगणक हातांनी फोडून त्यांतील धातू वेगळे केले जातात. चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते व ते माणसाला अपायकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेला पाहिजे. परंतु योग्य परिवर्तकाने चालू होणारा संगणक कचरा ठरतच नाही. त्यावर आणखी काही वर्षे विद्यार्थी लिहू, वाचू व शिकू शकतात.