नळीतला थर, नालीदार पत्रा आणि आपली वाफ



ऐन हंगामात सफाईसाठी गाळप थांबले की गाड्यांची रांग वाढते, तोडलेला ऊस वाळतो आणि "कारखाना का थांबला?" असा सवाल येतो. त्याचे बरेचसे उत्तर रस तापविणाऱ्या पृष्ठभागात आहे.

१५ ब्रिक्सचा १०० किलो रस ६० ब्रिक्सपर्यंत आटवायचा तर त्यातले ७५ किलो पाणी घालवावे लागते. एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला रस, मध्ये धातूची भिंत. उष्णता नीट पलीकडे गेली तर रस तापवायला इव्हॅपोरेटरमधून निघणारी कमी दाबाची वाफ पुरते. नाही गेली तर जादा तापमानाची वाफ द्या, नाहीतर गाळप कमी करा. वाफ वाचली म्हणजे बगॅस वाचले, आणि बगॅस म्हणजे पैसा.

उष्णतेच्या वाटेत दोन अडथळे येतात. पहिला क्षारांचा थर. घरच्या बंबात विहिरीच्या पाण्याने पांढरे पूट बसते, तसेच रसातील चुना व सिलिका नळीत बसतात. दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. पाटाचे पाणी मधे पळते, पण कडेला रेंगाळते. भिंतीलगतचा रसही तसाच रेंगाळतो आणि उष्णता अडवतो. पाटात दगड आला की पाणी घुसळते. हीच युक्ती नालीदार पत्र्यात आहे. नाल्यांवर आपटून रस घुसळतो, रेंगाळणारा पापुद्रा पातळ होतो आणि थरही सावकाश धरतो.

इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली दूध तापविण्यासाठी पत्र्यांचा हीटर तयार केला. दूध डेअऱ्यांत असे हीटर सर्रास असतात. आता साखर कारखान्यांतही ते वापरले जातात.

मात्र नालीदार म्हणजे खरबरीत नव्हे. आकार लाटांचा हवा, पण अंग गुळगुळीत हवे. ओरखड्यांत क्षार लवकर धरतात. म्हणून साफ करताना पत्रा खरवडून चालत नाही.

तोटेही सांगितले पाहिजेत. रस घुसळायला पंपाचा जोर जास्त लागतो. कच्च्या रसातला बारीक भुसा अरुंद फटीत अडकतो, म्हणून तिथे रुंद फटीचे पत्रे लागतात; निवळलेल्या रसाला अडचण कमी. रबरी गॅस्केट वेळोवेळी बदलावे लागतात. साधी नळी ब्रशने साफ होते, ही तिची मोठी सोय.

तेव्हा असा खर्च सभेपुढे आला, तर सभासदांनी नुसती किंमत विचारू नये. कोणत्या रसासाठी, किती वाफ वाचणार, दोन सफायांत किती दिवस जाणार आणि गॅस्केटचा खर्च किती, हे जरूर विचारावे.

यंत्र कोणतेही आणले तरी उसासोबत माती आली की रसात गाळ वाढतो आणि तिच्यातली सिलिका नळीत थर धरायला मदत करते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा, पण मुळ्या, माती, पाचट व वाढे काढूनच मोळी बांधावी. नळी स्वच्छ ठेवण्याचे काम फडापासूनच सुरू होते. सर्वांनी सहकार्य करावे, ही विनंती.