वायदा पाळायचा तर घाई कुठे करावी?

ईद तोंडावर आली की दुकानाच्या फर्निचरची कामे घेणाऱ्या कारखानदाराची झोप उडते. गिऱ्हाइकाला सणापूर्वी दुकान उघडायचे असते. रोजाच्या दिवसांत कामाचे तास तसेच कमी. मग एकच उपाय सुचतो : सगळ्यांनाच रात्रपाळी लावा! पैसा पाण्यासारखा जातो आणि वायदा मात्र हुकतो. असे का होते, याचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

हा हिशेब जुनाच आहे. १९५७ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी तो बसवला. त्याला ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत म्हणतात. कोणते काम कोणत्या कामावर अडून आहे ते कागदावर मांडायचे आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. तीच पूर्ण कामाची मुदत.

समजा, एका दुकानाचे काम घेतले. माप व नकाशा २ दिवस, लाकूडकाम ८, त्यानंतर पॉलिश ५, शेवटी सर्व बसवणे २. एकूण १७ दिवस. लोखंडकामाला ११ दिवस लागतात, पण ते नकाशानंतर लाकूडकामाच्या बरोबरीनेच चालते. म्हणजे त्याला २ दिवसांची सवड आहे.

आता काम १४ दिवसांत हवे आहे आणि उशिराच्या दर दिवसाला ३,००० रुपये कापले जाणार आहेत. एक दिवस वाचवण्याचा जादा खर्च असा धरू : लोखंडकामात १,०००, लाकूडकामात १,५००, बसवण्यात २,२००. पॉलिशचे हात वाळायला वेळ लागतोच. तिथे घाई केली तर काम बिघडते.

स्वस्त म्हणून लोखंडकामाला रात्रपाळी लावली, तर हजार रुपये गेले आणि मुदत १७ दिवसच राहिली! लाकूडकामात २ दिवस वाचवा, खर्च ३,०००, मुदत १५ दिवस. आता दोन्ही साखळ्या सारख्या झाल्या. पुढचा दिवस लाकूडकाम व लोखंडकाम दोन्हीकडून काढला तर २,५०० लागतील. बसवण्यातून काढला तर २,२००. एकूण ५,२०० रुपयांत ९,००० ची कपात टळते. वाचवलेला दिवस कपातीपेक्षा महाग पडू लागला की तिथेच थांबावे.

माणसे वाटतानाही हाच नियम. ज्या कामाला सवड आहे तिथला हात अडलेल्या कामाला द्यावा. मात्र ऐनवेळी नवखी माणसे भरू नयेत. त्यांना शिकवण्यातच जुन्या कारागिराचा दिवस जातो. आयबीएममध्ये मोठे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली संगणकाच्या कामाबद्दल हेच लिहिले : रखडलेल्या कामात माणसे वाढवली की ते आणखी रखडते.

एक इशारा. मुदत आवळली की सवड संपते. वरच्या १४ दिवसांच्या बेतात लोखंडकामाला एका दिवसाचीही मोकळीक उरत नाही. वेल्डर एक दिवस आजारी पडला तरी वायदा हुकला. म्हणून विसार घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि जमेल तीच तारीख द्यावी. कपातीचे पैसे पुढच्या कामात भरून निघतील, गेलेली पत सहज परत येत नाही.