दोरीचे दृश्य नको!

कडा येथील काही विद्यार्थ्यांनी सर्पदंशावर केलेली दोन मिनिटांची चित्रफीत मला दाखविली. मेहनत चांगली होती. पण निम्मा वेळ पायाला दोरी आवळणे, जखमेवर ब्लेड मारणे हेच दिसत होते. ‘असे करू नका’ हे शेवटी, तेही नुसते बोलून! मोबाईलचा आवाज बंद ठेवून पाहणाऱ्याच्या लक्षात दोरीच राहणार. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा थांबून पाय निकामी होऊ शकतो.

मी म्हणालो, योग्य तेच दाखवा. रुग्णाला धीर द्यावा, पाय हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती सरकारी रुग्णालयात मोफत असते.

पोरांनी दोरीचे दृश्य तिथेच कापले.