पदवीवरचा शिक्का

एके काळी जर्मनीत विद्यापीठातून अभियंता होऊन बाहेर पडायला साधारण पाच वर्षे लागत. फ्रान्समध्येही पाचच, पण बऱ्याच जणांची पहिली दोन मुख्यतः गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जात. इंग्लंडमध्ये तीन वर्षांत पदवी हातात पडे. हे तिघे एकाच कारखान्यात नोकरीसाठी आले, तर कोणाला काय येते हे ठरवायचे कसे? वर्षे मोजून?

1999 साली 29 युरोपीय देशांनी इटलीतील बोलोन्या येथे एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पदव्यांचे टप्पे एकमेकांशी जुळवून घ्यायचे ठरवले. आराखडा जुळला. पण दोन डबे सारख्या आकाराचे असले म्हणून आतला जिन्नस सारखा असतोच असे नाही. म्हणून अभियांत्रिकीपुरती एक सामाईक गुणवत्तामुद्रा तयार करण्याचे काम 2004 मध्ये सुरू झाले. तिचे नाव ‘युर-एस’. ती सांभाळणारी संस्था 2006 मध्ये ब्रसेल्स येथे स्थापन झाली.

सर्वांसाठी एकच अभ्यासक्रम आखणे हा सोपा मार्ग वाटतो, पण तो कोणी मान्य केला नसता, आणि आमच्या मते ते बरेच झाले. त्याऐवजी, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय करता आले पाहिजे, एवढेच ठरवण्यात आले. प्रयोगवहीचे उदाहरण घेऊ. वही पूर्ण आहे, सही-शिक्का आहे. यावरून प्रयोग ‘झाले’ एवढे कळते. व्हर्निअर हातात दिल्यावर मुलाला तारेचा व्यास मोजता येतो का, हा प्रश्न निराळा. युर-एस हा दुसरा प्रश्न विचारते. 2015 च्या सुधारित मसुद्यात अशा क्षमतांचे आठ गट आहेत. विषयाचे ज्ञान, विश्लेषण, आरेखन, शोधन, प्रत्यक्ष व्यवहार हे अपेक्षितच. पण निर्णय घेणे, इतरांबरोबर काम करून ते समजावून सांगणे आणि पुढे शिकत राहणे यांनाही स्वतंत्र जागा आहे.

आता, कागदावर क्षमता लिहिणे कोणालाही जमते. त्यामुळे खरी कसोटी तपासणीत असते. तपासनीस महाविद्यालयात जाऊन उत्तरपत्रिका व प्रकल्प-अहवाल पाहतात, आजी-माजी विद्यार्थ्यांशी आणि त्यांना नोकरी देणाऱ्यांशी बोलतात. पहिल्या आलेल्याची वही सगळीकडेच चांगली असते. जेमतेम उत्तीर्ण झालेल्याची पाहिली म्हणजे पदवीची किमान पातळी कळते.

शिक्का ब्रसेल्सहून येत नाही, हा यातला आणखी एक विशेष. प्रत्येक देशातील मानांकन संस्थेचीच आधी परीक्षा होते. उत्तीर्ण झालेली संस्था आपल्या देशातील अभ्यासक्रमांना मुद्रा देते. फ्रान्समधील अशी संस्था 1934 पासूनची आहे. तिने आपले अधिकार सोडले नाहीत, फक्त इतरांना आपले दप्तर उघडून दाखवले.

भारत या युरोपीय जाळ्यात नाही. आपला संबंध 1989 च्या ‘वॉशिंग्टन करारा’शी. सहा इंग्रजीभाषक देशांनी तो सुरू केला. त्यातही एका देशाने मानांकित केलेली पदवी इतर देश तुल्य मानतात. आपले नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन 2014 च्या जूनमध्ये त्याचे पूर्ण सदस्य झाले. मात्र ही मान्यता आली ती पहिल्या श्रेणीतील, म्हणजे विद्यापीठे व स्वायत्त संस्थांमधील, मानांकित अभ्यासक्रमांना. विद्यापीठाला केवळ संलग्न असलेली महाविद्यालये, आणि महाराष्ट्रात ती पुष्कळ आहेत, मानांकन मिळवूनही त्याबाहेर राहिली. ही बाब माहितीपत्रकात क्वचितच ठळक छापलेली असते.

शिवाय मानांकन संस्थेला नसते, शाखेला असते आणि तेही ठरावीक वर्षांपुरते. एकाच इमारतीत यंत्र शाखेला ते असेल, स्थापत्य शाखेला नसेल. परदेशी नोकरीची किंवा व्यवसाय-परवान्याची हमी तर कोणताच शिक्का देत नाही. तेव्हा बारावीचा विद्यार्थी ‘मानांकित महाविद्यालया’ची जाहिरात घेऊन आला, तर त्याला तीन गोष्टी विचारायला सांगाव्यात : कोणती शाखा, कोणती श्रेणी, कोणत्या वर्षापर्यंत.